पाळकाचे ऐकणारा माणूस: खानदेशातील ख्रिस्ती सेवकांनी सुपरव्हिजन कसे सुरू करावे

नवापूरपासून भुसावळपर्यंत, तापीच्या दोन्ही अंगांना सेवा करणाऱ्या पाळकाला, सुवार्तिकाला किंवा घरोघरी बायकांना वचन शिकवणाऱ्या बायबल वुमनला तीन वेगवेगळ्या माणसांची गरज असते, आणि ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे गेली की त्यातले एकही नीट होत नाही, असे मला तीस वर्षांच्या सेवेनंतर ठामपणे वाटते. पहिला माणूस वरिष्ठ. नेमणूक, बदली, मानधन आणि शिस्त त्याच्याकडे असते. दुसरा मेंटर, म्हणजे आपल्या आधी ही वाट चाललेला आणि आपल्याला हाताशी धरून शिकवणारा. तिसरा सुपरव्हायझर, ज्याच्यापुढे आपल्या कामातील एखादा प्रसंग मांडून त्याकडे पुन्हा शांतपणे पाहता येते, ज्याच्या हाती आपली बदली नसते आणि ऐकलेले ज्याच्यापाशीच राहते. माझ्या पाहण्यातील बहुतेक सेवकांना पहिला माणूस आपोआप मिळतो, काहींना नशिबाने दुसरा मिळतो, आणि तिसरा जवळजवळ कोणालाच नसतो. हे मार्गदर्शन मुख्यतः त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

सुपरव्हिजनला मराठीत पर्यवेक्षण असा शब्द आहे. परंतु पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेच्या वर्गात फिरणारे गुरुजी किंवा अंगणवाडी पाहायला येणाऱ्या बाई डोळ्यांपुढे येतात, म्हणून येथे सुपरव्हिजन हाच शब्द ठेवला आहे. समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात त्याची तीन कामे सांगितली: कामाच्या मर्यादा सांभाळणे, काम करणाऱ्याला घडवणे आणि त्याचा थकवा हलका करून त्याला पुन्हा उभे करणे. पाळकीय सेवेत ही पद्धत बऱ्याच अंशी इस्पितळांतून आली. अमेरिकेत १९२५ मध्ये अँटन बॉइसन यांनी वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांबरोबर काम करायला लावले आणि त्या अनुभवावरून त्यांना शिकवण्यास सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने डिसेंबर २०१७ च्या अंतिम अहवालात अशी शिफारस केली की, धार्मिक सेवेतील प्रत्येक व्यक्तीला प्रशिक्षित सुपरव्हायझर असावा आणि तो तिच्या संस्थेपासून काही प्रमाणात स्वतंत्र असावा. या शिफारशीतील स्वतंत्र हा शब्द माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण मला स्वतःच्या अनुभवातून कळले.

सेवेच्या चौथ्या वर्षी माझी झोप उडाली होती. मृत्यूनंतरच्या सांत्वनाच्या उपासनेत मी जे बोलत होतो त्यावर माझाच विश्वास बसत नव्हता. हे मी एका वरिष्ठांना एकांतात सांगितले. त्यांनी माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली, याविषयी मला आजही शंका नाही. परंतु पुढच्या वर्षी बदल्यांचा विषय निघाला तेव्हा माझ्या विश्वासाच्या स्थितीचा उल्लेख बैठकीत झाला आणि तो माझ्या कानापर्यंत पोहोचला. त्यांचा हेतू वाईट नव्हता; मला हलके क्षेत्र मिळावे असेच त्यांना वाटत असावे. ज्याच्यावर नेमणुकीची जबाबदारी आहे त्याला ऐकलेली गोष्ट विसरता येत नाही, इतकेच त्याचे कारण. त्यानंतर कितीतरी वर्षे मी कोणाजवळही मन उघडले नाही, आणि त्या काळात माझ्या हातून मंडळीतील काही माणसे दुखावली गेली.

बायबलमधील निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो येतो तो प्रसंग आपण बहुधा कामाच्या वाटणीवरील संदेशासाठी वापरतो. तो सुपरव्हिजनच्या दृष्टीने पुन्हा वाचावा. इथ्रो बाहेरून, मिद्यानातून येतो. तो आधी मोशेचे कुशल विचारतो आणि काय काय घडले ते सगळे ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी तो मोशेचे काम प्रत्यक्ष पाहतो, मग प्रश्न विचारतो, आणि सल्ला त्यानंतर देतो. शेवटी तो आपल्या देशी परत जातो. इस्राएलाच्या छावणीत कोणतेही पद घेत नाही.

माणूस कसा निवडावा

आपल्याकडे हीच पायरी सर्वांत अवघड आहे, कारण खानदेशातील ख्रिस्ती समाज लहान आहे आणि चार घरे सोडली की पाचवे सोयऱ्यांचे निघते. वरिष्ठ, कमिटीचा सभासद, मंडळीचा वडील, नातेवाईक, आपल्या मुलांच्या शाळेचा किंवा वसतिगृहाचा चालक आणि ज्याच्याशी पैशांचा व्यवहार आहे असा कोणीही माणूस या कामासाठी घेऊ नये. शक्य असेल तर दुसऱ्या संप्रदायातील माणूस घ्यावा. शिकवणुकीतील फरकामुळे अडचण येईल अशी भीती अनेकांना वाटते, पण माझा अनुभव असा की आपल्या परंपरेत गृहीत धरलेल्या गोष्टी बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना आपल्यालाच त्या नव्याने दिसतात.

अंतराचाही विचार करावा. एकाच गावातला सुपरव्हायझर बाजारात, लग्नात आणि दवाखान्यात भेटत राहतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात त्याच्यापुढे रडलेल्या माणसाला त्याच्या पंगतीत बसणे जड जाते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग या कामी सोयीचा आहे. नवापूरकडचा सेवक आणि जळगावकडचा सुपरव्हायझर दोंडाईचा किंवा अमळनेरला भेटू शकतात, आणि परतीच्या गाडीत विचार करायला निवांत वेळ मिळतो, तो वेगळाच लाभ. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातून दर महिन्याला उतरणे शक्य नसेल तर एक महिना प्रत्यक्ष आणि पुढचे दोन महिने फोनवर, असा क्रम ठेवता येतो. फोन स्पीकरवर ठेवू नये. हाक ऐकू येईल इतक्या अंतरात कोण बसले आहे, हे दोघांनीही सुरुवातीलाच एकमेकांना सांगावे.

भाषेकडे आपण फार दुर्लक्ष करतो. मावची, पावरी किंवा अहिराणी बोलणारा सेवक सुपरव्हायझरपुढे प्रमाण मराठीत बोलू लागला की त्याचे बोलणे उपदेशासारखे होते आणि दुःख वाक्यांच्या मागे लपते. सुपरव्हायझरला ती भाषा येत नसली तरी त्याने म्हणावे, “तो माणूस बोलला तसेच आधी तुमच्या भाषेत म्हणा, मग मला अर्थ सांगा.”

स्त्री सेविकांना, आणि पाळकांच्या पत्नींनाही, स्वतंत्र सुपरव्हायझर हवा. मंडळीतील अर्धे काम पत्नी करते, पण तिचे नाव नेमणुकीच्या कागदावर नसल्यामुळे तिच्या थकव्याची नोंद कुठेच होत नाही. पतीचा सुपरव्हायझर तिला चालणार नाही. ती म्हणत असेल तर स्त्रीच शोधावी. इस्पितळात समुपदेशन करणाऱ्या अनुभवी परिचारिका किंवा निवृत्त शिक्षिका प्रशिक्षण घेऊन हे काम फार चांगले करतात. प्रशिक्षणाची अट मात्र कोणासाठीही सोडू नये, आणि ज्याला स्वतःला सुपरव्हायझर नाही त्याला आपला सुपरव्हायझर करू नये.

कागदावर काय लिहावे

एक पानाचा लेखी करार पुरेसा आहे. भेट महिन्यातून एकदा, तासभर किंवा दीड तास, जागा कोणती, एका वर्षानंतर दोघांनी मिळून पुढचा निर्णय घ्यायचा, टिपणे कोण ठेवणार आणि ती कधी नष्ट करणार, मंडळीला काय कळवायचे. शेवटच्या मुद्द्यावर तडजोड करू नये. मंडळी किंवा मिशन खर्च देत असेल तर भेट झाली एवढेच त्यांना कळवायचे. काय बोलणे झाले ते पैसे देणाऱ्यालाही कळणार नाही, असे कमिटीच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्यावे. मानधन द्यावेच. ते प्रवासखर्चाएवढे लहान असले तरी चालेल, कारण फुकट मिळालेल्या वेळेच्या उपकाराखाली माणूस तक्रार करायला कचरतो.

तारखा ठरवताना नाताळचा महिना आणि दुःखसहनाचा सप्ताह सोडावा. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात गेली की नंदुरबार जिल्ह्यातील अनेक मंडळ्या अर्ध्याहून रिकाम्या होतात. त्या महिन्यांत पाळकाकडे वेळ असतो आणि एकटेपणाही असतो, म्हणून तेव्हा जास्त वेळाची भेट ठेवावी.

प्रसंग लिहून आणणे

सुपरव्हिजनचा खरा कस येथे लागतो. भेटीपूर्वी सेवकाने महिन्यातील एका संभाषणाचा कागद तयार करावा. समोरचा माणूस काय बोलला, मी काय बोललो आणि त्या वेळी माझ्या मनात काय चालले होते, हे आठवेल तसे, सुधारणा न करता लिहावे. नावे बदलावीत आणि गावाचे नावही बदलावे, कारण आपल्याकडे गाव आणि आडनाव कळले की माणूस कळतो. उदाहरणादाखल मी येथे एक कल्पित कागद देतो.

भाऊ: कापूस हातचा गेला. सोसायटीचे कर्ज तसेच आहे.
मी: देव मार्ग काढील, भाऊ.
भाऊ: पोरेसवर ध्यान ठेवा, पास्टर. मन्हं आते काय.
मी: असे बोलू नये. चला, प्रार्थना करू या.
(मी लगेच डोळे मिटले. प्रार्थना लांब केली. निघताना ते फाटकापर्यंत आले नाहीत.)

या कागदावर सुपरव्हायझरने ताबडतोब चूक दाखवू नये. तिसरी ओळ पुन्हा मोठ्याने वाचायला सांगावी. ती अहिराणीतच लिहिलेली आहे हे फार बरे झाले, कारण “मुलांकडे लक्ष असू द्या” असे प्रमाण मराठीत लिहिले असते तर ते निरोपाचे साधे वाक्य वाटले असते आणि त्यातील धोका नजरेतून सुटला असता. मग विचारावे: हे ऐकले तेव्हा तुमच्या शरीरात काय झाले? डोळे मिटण्याची घाई कोणाला होती? त्या घरातून निघाल्यावर तुम्ही कुठे गेलात? बहुधा येथे शांतता पसरते, आणि ती भरून काढण्याचा मोह सुपरव्हायझरने आवरावा. कदाचित सेवक सांगेल की त्याच्या वडिलांनीही असेच एक वर्ष काढले होते आणि तो घाबरला होता. प्रार्थना खरी होती, पण त्या क्षणी तिने दार बंद केले, हे त्याचे त्यालाच दिसले तर पुढच्या वेळी त्याची वागणूक बदलते. सुपरव्हायझरने ते सांगितले तर तो फक्त लाजतो.

एवढ्यावर ही बैठक संपत नाही. अशा कागदातील माणूस जिवंत आहे आणि धोक्यात आहे, म्हणून त्याच दिवशी काय करायचे ते ठरवावे लागते. परत जाऊन सरळ विचारावे, “भाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतो का?” असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते. फवारणीचे औषध घरातून हलवायला घरच्यांना सांगावे, त्याला एकटे ठेवू नये, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्यावा आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. अशा वेळी सेवकाने पुढच्या महिन्याच्या भेटीची वाट पाहायची नसते; सुपरव्हायझरला मधल्या काळात फोन करण्याची मुभा करारातच लिहिलेली असावी.

कोणते प्रसंग आणावेत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ज्यात आपण चांगले दिसतो ते मागे ठेवावेत. आजाऱ्यासाठी प्रार्थना केल्यावर त्याने क्षयाची किंवा सिकलसेलची औषधे बंद केली का, हे आपण विचारले होते का? दानार्पणाची रक्कम मोजताना आपल्यासोबत कोण होते? एखाद्या तरुणीला रात्री उशिरा मोबाईलवर वचने पाठवण्याची सवय कधी लागली? एका घरी आपण वारंवार जातो आणि दुसऱ्या घरी जायचे टाळतो, ते का? हे सांगताना जीभ अडखळते, आणि ज्या ठिकाणी ती अडखळते तोच प्रसंग त्या महिन्याचा कागद समजावा.

बैठक कशी चालवावी

सुरुवातीला दोन मिनिटे शांत बसावे आणि लहानशी प्रार्थना करावी. मग सेवकाने एकच विषय निवडावा. चार विषय घेतले की चारही वरवरचे होतात. पहिला अर्धा तास सुपरव्हायझरने सल्ला देऊ नये. आम्हा पाळकांना ही शिस्त फार जड जाते, कारण समोर माणूस बसला की वचन सांगायची आमची सवय असते. मध्येच आलेले वचन योग्य असले तरी पुष्कळदा ते ऐकणाऱ्याचे बोलणे तोडते.

थकून आलेल्या सेवकाच्या बाबतीत मी एलीयाचा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवतो. मला मरण दे असे म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूत आधी भाकर आणि पाणी देतो आणि झोपू देतो. “तू येथे काय करीत आहेस?” हा प्रश्न त्यानंतर येतो, तोही दोनदा, आणि एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो. म्हणून सेवकाने तीच व्यथा तिसऱ्या महिन्यातही आणली तर सुपरव्हायझरने कंटाळू नये. जेवण, झोप, साप्ताहिक सुट्टी आणि रक्तदाब यांची चौकशी करणे हा आध्यात्मिक चौकशीचाच भाग आहे. एप्रिल-मेच्या उन्हात जळगाव जिल्ह्यात दुपारच्या चार गृहभेटी करून आलेल्या माणसाच्या निराशेचे मूळ कधीकधी केवळ पाणी आणि विश्रांती न मिळण्यात असते.

शेवटची दहा मिनिटे एकच पाऊल ठरवण्यासाठी राखावीत आणि सेवकाने ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. शेवटची प्रार्थनाही त्यानेच करावी.

गुप्तता आणि तिची मर्यादा

आपल्या मंडळ्यांमध्ये गुपित फुटण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे प्रार्थनेची विनंती. “अमुक पाळकांना प्रार्थनेत ठेवा, ते फार कठीण काळातून जात आहेत” एवढे वाक्य महिला मंडळात उच्चारले की दुसऱ्या दिवशी तालुक्यात तर्क सुरू होतात. म्हणून सुपरव्हायझरने ऐकलेली गोष्ट प्रार्थनेच्या रूपानेही, नाव न घेताही, आपल्या पत्नीजवळ किंवा पतीजवळही बोलू नये. त्याला स्वतःला मदत हवी असेल तर ती त्याने आपल्या सुपरव्हायझरकडे मागावी.

परंतु काही गोष्टींवर गुप्ततेचा हक्क नसतो, आणि हे पहिल्याच भेटीत मोठ्याने सांगितले पाहिजे. कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा १८ वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे वा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर गप्प बसता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. पाळक किंवा सुपरव्हायझर असल्यामुळे यातून सूट मिळत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक पाळकाच्या फोनमध्ये असावा. मंडळीची अब्रू जाईल, आधी वडीलमंडळींत बसून मिटवू, असे म्हणणारे भेटतील. त्यांचे ऐकल्याने मूल पुन्हा त्याच माणसाच्या तावडीत जाते.

मेंटर आणि तिघांचा गट

मेंटरविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते नाते आपल्याला परिचित आहे. पौलाने तीमथ्याला घडवले तसे ते असते. अंत्यविधी कसा चालवावा, नोंदवह्या कशा ठेवाव्यात, दोन भावकींच्या भांडणात उपासना कशी टिकवावी, हे मेंटर शिकवतो. तो आपल्याच संप्रदायातील असावा, त्याच्या घरी जेवायला जावे, त्याच्याबरोबर गृहभेटींना फिरावे. तो आपली शिफारसही करू शकतो, आणि शिफारस करणाऱ्यापुढे माणूस थोडा सावरूनच बोलतो. म्हणून दोन्ही भूमिका एकाच माणसाला देऊ नयेत.

प्रशिक्षित सुपरव्हायझर लगेच मिळत नसेल तर तीन वेगवेगळ्या संप्रदायांतील, वेगवेगळ्या तालुक्यांतील सेवकांनी गट करावा. दोघांचा गट नको; दोघे लवकरच एकमेकांचे सांत्वन करून थांबतात. तिघांत एक जण कागद मांडतो, दुसरा प्रश्न विचारतो आणि तिसरा वेळ, नियम आणि विचारलेल्या प्रश्नांवर लक्ष ठेवतो, आणि दर भेटीला भूमिका बदलतात. हा पर्याय तात्पुरता समजावा आणि तिघांनी वर्षभरात निदान एकाला तरी समुपदेशनाचे किंवा पाळकीय सुपरव्हिजनचे प्रशिक्षण घ्यायला पाठवण्यासाठी पैसे बाजूला काढावेत.

पहिला फोन

पुष्कळ सेवक येथेच अडतात. काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून मी शब्दच देतो: “सर, सलाम. मी अमुक तालुक्यात पाळकीय सेवा करतो. माझ्या कामाविषयी महिन्यातून एकदा बोलता येईल अशा माणसाच्या शोधात आहे. आपली नेमणुकीच्या कामात काही भूमिका नाही, म्हणून आपल्याला विचारतो आहे. एकदा भेटून अटी ठरवू, आणि दोघांनाही योग्य वाटले तरच पुढे जाऊ.” यापेक्षा अधिक फोनवर सांगू नये. समोरच्याने विचार करायला आठवडा मागितला तर तो आनंदाने द्यावा. असा माणूस बहुधा हे काम गांभीर्याने घेतो. त्याने काहीही न विचारता लगेच होकार दिला तर पहिल्या भेटीत आपणच कराराचा कागद पुढे करावा, आणि त्यातील गुप्ततेचे कलम वाचताना तो काय विचारतो ते लक्षपूर्वक ऐकावे.